तीन महिन्यांची गाणी

रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तेवढ्या दिवसांत रक्तातून जी साखर वाहून जाते, तिच्यातली थोडी त्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते ती चिकटतेच. नागपूरच्या धंतोलीतल्या कुठल्याही लॅबमध्ये ‘एचबीएवनसी’ करायला सांगितलं की ही चिकटलेली साखर मोजून देतात. आदल्या रात्री उपाशी राहून किंवा चार दिवस बिनसाखरेचा चहा पिऊन या तपासणीला बनवता येत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांतली लग्नं, बारशी, ऑफिसात आलेले पेढे, रात्री फ्रिज उघडून उभ्याउभ्या तोंडात टाकलेली बर्फी, सगळ्याची नोंद तिथे असते. 5.7 च्या खाली असलात तर सुटलात, 6.5 ला पोचलात तर मधुमेही. माझा आकडा 6.1. म्हणजे वेटिंग लिस्टमध्ये नाव आहे, कन्फर्म व्हायचं तेवढं बाकी आहे.

डॉक्टर तीन महिन्यांचं गणित समजावून सांगत होते आणि माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. एवढ्याच आयुष्याची दुसरी एक गोष्ट मी चांगली ओळखून होतो: नव्वदच्या दशकातलं हिंदी पॉप गाणं. ते यायचं तेव्हा पानठेल्यावर, ऑटोत, वरातीत, गणपतीच्या मंडपात सगळीकडे एकदमच यायचं. बर्डीवरून चालत निघालं तर एका दुकानात सुरू झालेला मुखडा चार दुकानं ओलांडल्यावर तिसऱ्याच दुकानात पुरा व्हायचा. तीनेक महिने असे जायचे. मग एक दिवस ते कुठेच नसायचं. कधी बंद झालं हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही, कारण पुढचं सुरू झालेलं असायचं.

अनाइडा, मेहनाज, श्वेता शेट्टी, सुनीता राव, रागेश्वरी. यांतली दोन नावं जरी चेहऱ्यासकट आठवली, तर तुमच्या घरात कुणीतरी बीपीची गोळी घेत असणार. चॅनल व्ही 1994 मध्ये आलं, एमटीव्हीचं भारतातलं दुकान 1996 मध्ये उघडलं, आणि मधल्या 1995 मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं. लाकडी पेटीतून मिलिंद सोमण निघाला आणि कॉलेजातल्या मुलींचं आमच्याविषयीचं मत कायमचं बिघडलं. लकी अली टिकला, तो अजून लोकांच्या फोनमध्ये आहे. शान, केके, सोनू निगम सिनेमात गेले आणि सिनेमाचे झाले. बाकीच्यांचं काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

नागपूरला हिंदी गाणं परकं वाटण्याचा प्रश्नच नव्हता. 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथे दुकानदार हिंदीत भाव सांगतो, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं आणि सौदा होतो. त्यामुळे पुण्या-मुंबईकडची मंडळी ‘आमच्याकडे मराठीच’ म्हणत असतील त्या काळातही आमच्या टेपवर एका बाजूला सुधीर फडके आणि दुसऱ्या बाजूला दलेर मेहंदी नांदत होते. मराठी पॉप पुढे आलं. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ 1998 चा, अवधूत गुप्तेच्या संगीतात वैशाली सामंतने गायलेलं ‘ऐका दाजिबा’ 2002 चं. ‘गारवा’ शहाणा निघाला. त्याने पावसाशी सोयरीक केली, त्यामुळे दर जूनमध्ये त्याला बोलावणं येतं. ज्या गाण्यांना ऋतू नव्हता, सण नव्हता, ती गेली.

या सगळ्या गोडाच्या धंद्यातला एक हलवाई मला फार आवडतो. बिद्दू. बंगळूरचा हा माणूस इंग्लंडला गेला आणि 1974 मध्ये कार्ल डग्लसच्या आवाजात ‘कुंग फू फायटिंग’ करून बसला. ते जगभर वाजलं. मग 1980 मध्ये ‘कुर्बानी’साठी ‘आप जैसा कोई’, गाणारी नाझिया हसन, शाळकरी वयाची पोर. पुढच्याच वर्षी तिचाच ‘डिस्को दीवाने’. आणि दीड दशकाने ‘मेड इन इंडिया’. वीस वर्षं हा माणूस एकच काम करत होता: पहिल्या घासाला जीभ पकडायची. त्याने कधी आपण अन्न विकतो असा आव आणला नाही, म्हणून तो मला प्रामाणिक वाटतो.

गोड गाणं आणि खायची साखर यांची गाठ मी कल्पनेने मारतो आहे असं कुणाला वाटेल. ती अमेरिकेत खरोखरच मारली गेली होती. 1969 मध्ये तिथे वर्षभरात सगळ्यात जास्त चाललेलं गाणं होतं ‘शुगर, शुगर’. गाणाऱ्या बँडचं नाव आर्चीज. हा बँड अस्तित्वातच नव्हता. आर्ची कॉमिक्सवरून काढलेल्या कार्टूनमधली पोरं पडद्यावर गिटार वाजवत आणि पडद्यामागे रॉन डांटे आणि टोनी वाइन असे भाडोत्री गळे गात. आर्चीजच्या गाण्यांच्या पुठ्ठ्याच्या तबकड्या नाश्त्याच्या गोड सीरियलच्या खोक्यांवर छापून येत. पोराने सीरियल संपवायचं, खोक्याची पाठ कात्रीने गोल कापायची आणि रेकॉर्ड प्लेअरवर ठेवायची. साखर पोटात, गाणं कानात, दोन्ही एकाच खोक्यातून. पुढच्या पन्नास वर्षांत कुठल्याही जाहिरातवाल्याला याच्या पलीकडचं काही सुचलेलं दिसत नाही.

आपल्याकडे हे खोकं 1990 च्या सुमारास आलं, नाव ‘लेहर पेप्सी’. त्याच्या जाहिरातीत गोव्याचा रेमो फर्नांडिस आणि जुही चावला. घरोघर रेमोचा चेहरा पोचला तो त्याच्या गाण्यांनी कमी आणि त्या बाटलीने जास्त. 1977 मध्ये देश सोडून गेलेलं कोका-कोला 1993 मध्ये परत आलं आणि थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही आपली सगळी मंडळी विकत घेऊन बसलं. गोल्ड स्पॉट पुढे बंदच केलं. संत्र्यांच्या गावात वाढलेले आम्ही, अंबिया आणि मृग बहारातला फरक फोड तोंडात टाकून सांगणारे, पण पाहुणे आले की पळत जाऊन आणायचो ते हे नारिंगी पाणी. घरात टोपलीभर संत्री असायची. ती पाहुण्याला देणं कमीपणाचं वाटायचं.

तेव्हाची पिढी साधी होती, साखर कमी खायची, गाणी जिवाभावाची ऐकायची, असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. आम्ही चहात दोन चमचे घालत होतो आणि जे वाजेल ते ऐकत होतो. फरक एवढाच की जे यायचं ते आकार घेऊन यायचं.

बर्डीवरच्या एका बोळात एक रेकॉर्डिंग सेंटर होतं. त्याला सेंटर म्हणायचं ते पाटीवर लिहिलेलं होतं म्हणून. एक टेबल, त्यावर दोन कॅसेटचा डेक, मागे भिंतभर कॅसेटी आणि मालक. आपण वहीच्या कागदावर गाण्यांची यादी न्यायची. तो वाचायचा, चारदोन गाण्यांवर काट मारायचा. “हे चालत नाही आता.” पैसे गाण्यावर. कॅसेट साठ मिनिटांची, एका अंगाला तीस. बॉलपेनने आतल्या कार्डावर गाण्यांची नावं तो स्वतः लिहायचा, हिंदी गाण्यांची नावं मराठी वळणाने, ‘डुबा डुबा रहता हू’. सिल्क रूटचं हे गाणं माझ्या कॅसेटच्या ए बाजूला शेवटी होतं आणि ते पुरं बसलं नव्हतं. पट्टी संपायची, बटण खटकन वर यायचं. तक्रार घेऊन गेलो तर तो म्हणाला, “दोन मिनिटं तर ऐकून राहिला ना? अजून काय पाहिजे?”

परवा पोरीने ते फोनवर लावून दिलं, पुरं. माझ्या हिशेबी जिथे बटण खटकन वर यायला हवं तिथून पुढे ते आरामात चालत राहिलं. उरलेल्या भागात नवं काहीच नव्हतं. तोच मुखडा, थोडी गिटार, पुन्हा मुखडा. मालक बरोबर होता.

पोरगी मात्र तोवर पुढच्या गाण्यावर गेली होती. किंवा गाणंच पुढे गेलं होतं, ती जेवत होती. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की ते गाणं ‘ऐकलं’ अशी नोंद होते, त्यामुळे करणारे सगळा गोडवा त्या तीस सेकंदांत ओततात. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं, पहिल्याच चवीचं, फक्त नाव वेगळं. “आत्ता जे लागलं होतं ते कुणाचं ग?” असं विचारलं तर तिने मान वर केली. “काही लागलं होतं?”

मी तिला नावं ठेवत नाही. माझं ताटही असंच झालं आहे. भारतात वर्षाला 280 लाख टनांच्या घरात साखर खपते, जगात सगळ्यांत जास्त. माणशी वाटली तर वीस किलो, म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं होतं की बाहेरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. आता यात गंमत अशी की खपणाऱ्या साखरेतली अर्ध्याहून जास्त घरातल्या डब्यात येतच नाही. ती थंड पेयांच्या, बिस्किटांच्या, आइस्क्रीमच्या, मिठाईच्या कारखान्यात जाते आणि तिथून वेगळे कपडे घालून घरात शिरते. तीनशे मिलीच्या थंड पेयात तीस ग्रॅम. टोमॅटो केचप, ज्याला आम्ही भाजीत जमा करतो, त्यात पाव हिस्सा साखर. पावात साखर, सूपच्या पाकिटात साखर, ‘पौष्टिक’ असं लिहिलेल्या डब्यात तर हमखास. माझी ऐंशीच्या घरातली आई डब्यातली साखर चमच्याने मोजते, ते मोजमाप कधीच चुकत नाही, आणि ती मोजते त्याच्या दुप्पट आमच्या पोटात जाते.

तिच्या संसारात साखर रेशनवर होती. कार्डावर शिक्का, दिवाळीला थोडी वाढीव. विदर्भात ऊस फारसा नाहीच. पश्चिमेकडचं पाहून इथे सहकारी कारखाने निघाले आणि बरेचसे बंद पडले. आपल्याकडे कापूस, संत्री, तूर, धान; साखर गाडीने येणार. तेव्हा ती घरात आली की दिसायची, आणि वर्षातून एकदा तर अंगावर घालायला मिळायची. होळीची गाठी.

इतवारीकडच्या गल्ल्यांत फाल्गुन लागायच्या आधी गाठीच्या भट्ट्या पेटतात. ते काम उभं राहून बघण्यासारखं आहे. मोठ्या कढईत पाक उकळतो, त्यात दुधाचा हबका मारतात, मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. पाक जसा पांढरा हवा तसा झाला की लाकडी साच्यांची पाळी. साच्याच्या दोन फळ्या, त्यांत पदकांचे, फुलांचे खळगे, खळग्यांतून आरपार ओढलेला दोरा. वरून पाक ओतायचा, आणि तो हात थरथरता कामा नये, कारण पाक कमी पडला तर पदक अर्धं होतं आणि जास्त झाला तर कडेला जिभा फुटतात. थोड्या वेळाने फळ्या उघडल्या की दोऱ्यात ओवलेली पांढरी माळ बाहेर येते. भट्टीपुढच्या माणसाला घाम पुसायलाही हात रिकामा नसतो, आणि तो स्वतः म्हणे गाठी तोंडात घालत नाही.

होळीला पोरांच्या गळ्यात ही माळ घालतात. शेणाच्या चाकोल्यांची माळ होळीच्या गळ्यात, साखरेची पोराच्या. मग ती तासन् तास पुरवून खायची. घामाने मळायची, मुंग्या यायच्या, तरी पदक ठेवून आधी बारीक मणी खायचे असा नियम होता. ती निव्वळ साखर होती, शंभर टक्के, आरोग्याच्या कुठल्याही तक्त्यात नापास. पण ती किती होती हे दिसत होतं. संपली की दोरा उरायचा.

जुलै 2025 मध्ये नागपूरच्या एम्सचं नाव देशभर गाजलं ते याच साखरेपायी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणाऱ्या पाट्या लावा असं पत्र काढलं होतं, आणि नागपुरातून बातमी गेली की आता समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार. दोन दिवस टीव्हीवर जिलबीची बाजू मांडणारे आणि जिलबीच्या विरुद्ध बोलणारे भांडले. मग सरकारने खुलासा केला की बाबांनो, ठेल्यावरच्या कुठल्याही पदार्थावर लेबल नाही, या नुसत्या माहितीच्या पाट्या आहेत. मला या भांडणात जिलबीची दया आली. ती बिचारी काही लपवत नाही. पाकात बुडून, चकाकत, चौकात उभी आहे. हल्दीरामची संत्रा बर्फीही काही चोरून गोड नाही. पाटी लावायचीच तर ती केचपच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लावावी, पण केचपसाठी टीव्हीवर भांडायला कोण येणार?

आकारात आलेली गोष्ट विसरली तरी तिची जागा राहते, असं मला वाटत आलं आहे. अनाइडाचं गाणं मला आज गुणगुणता येणार नाही, पण ते बी बाजूला तिसरं होतं हे माहीत आहे. पोरीच्या ‘काही लागलं होतं?’ला तशी जागाच नाही. विसरायलाही आधी ऐकून घ्यावं लागतं.

आणि मग सगळंच विसरलं जातं असंही नाही, याचा पुरावा माझ्या घरापासून फार लांब नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या भोवती रस्त्यांवर दुकानं लागतात. पुस्तकं सगळ्यांत जास्त, त्यांच्या खालोखाल मूर्ती, बिल्ले, कॅलेंडरं, आणि गाणी. मी तिथे भीमगीतांच्या कॅसेटी पाहिल्या, मग सीडी, मग एमपीथ्री, आता पेन ड्राइव्ह आणि छोटे स्पीकर. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. प्रल्हाद शिंदे गेले त्याला वीस वर्षं होऊन गेली. यांतल्या एकाही गाण्यासाठी चॅनल व्हीवर जागा नव्हती, कुठल्या थंड पेयाने पैसे लावले नव्हते. ज्या वर्षी बिद्दूचं दुकान जोरात होतं त्याच वर्षी इथे हीच गाणी विकली जात होती, आणि बिद्दूचं दुकान उठल्यावरही विकली जात राहिली. गावाकडून ट्रकने, रेल्वेने आलेली बाई दुकानासमोर उभी राहून म्हणते, “ते मागच्या साली होतं ते द्या.” दुकानदाराला ‘ते’ म्हणजे कोणतं हे कळतं. तो लावून दाखवतो, ती दोन ओळी ऐकते, मान हलवते, पैसे देते. या गाण्यांचं काम जीभ पकडणं नव्हतंच. त्यांना सांगायचं होतं. लकी अलीवर माझा जीव आहे, पण मागच्या साली होतं ते द्या म्हणत मी कुणाच्या दारात उभा राहिलो नाही.

माझ्या गाण्यांच्या वाट्याला येतो तो लग्नातला अर्धा तास. गेल्या उन्हाळ्यात वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये रात्री साडेदहाला डीजेने माइकवर ‘आता काका लोकांसाठी’ अशी घोषणा केली आणि ‘बोलो तारा रा’ लावलं. पोटं सावरत, चष्मे खिशात टाकत आम्ही सगळे उतरलो. मुखड्याला हात वर. कडवं आलं आणि कुणालाच शब्द येईनात. सगळे माना डोलवत, तोंड नुसतं उघडमीट करत पुढच्या मुखड्याची वाट पाहत होते. तो आला, पुन्हा हात वर. बाजूला उभी असलेली पोरगी फोनवर हे सगळं रेकॉर्ड करत होती, आणि तिला कडव्याचे शब्द येत होते. कुठून आले विचारलं तर म्हणाली, रील्सवर चालतं ना.

नाचून झाल्यावर घाम पुसत आख्खी वरात एकाच दिशेने निघाली. कोपऱ्यात ‘शुगर-फ्री’ अशी पाटी लावलेलं रबडीचं टेबल होतं. गुलाबजामच्या काउंटरवर चार जण आणि इथे ही रांग. माझ्या पुढच्या गृहस्थांनी दोन वाट्या घेतल्या. “शुगर-फ्रीच आहे, भेव कायचं?” माझी पाळी आली तेव्हा वाढणाऱ्या पोराला मी विचारलं, “खरंच साखर नाही ना रे?”

“नाही काका, साखर नाही टाकली,” तो म्हणाला. “सकाळपासून दूध आटवून राहिलो अन् खजूर टाकला पाच किलो. गोड तर होणारच ना.”

मागच्या सगळ्यांनी हे ऐकलं. रांगेतून कुणी हललं नाही.